‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

जानेवारीतली रात्र. बाहेर उणे वीस अंश. मिनेसोटात किंवा टोरांटोत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या तळघरात घर गरम ठेवणारी फर्नेस सुरू व्हायची धडपड करते आहे. पंखा फिरतो, गॅसची झडप उघडते, ठिणगी पडते, निळी ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते. जरा वेळाने पुन्हा तेच. दोन-तीन प्रयत्न फसले की यंत्र बंद होऊन बसते आणि वरच्या मजल्यावर स्वेटरवर स्वेटर चढू लागतात. गॅस आहे, हवा आहे, ज्योत पेटलेलीही सगळ्यांनी पाहिली आहे. तरी भट्टी टिकत नाही.

पुष्कळदा दोष सापडतो तो एका बोटभर सळईत. ज्योतीतून विजेचा अगदी क्षीण प्रवाह वाहू शकतो, काही मायक्रोअँपिअर एवढा. ही सळई ज्योतीत उभी असते. तिच्यातून तेवढा प्रवाह आला की नियंत्रक समजतो की ज्योत आहे. नाही आला की लगेच गॅस तोडतो. वर्षानुवर्षे जळताना सळईवर ऑक्साइडचा, सिलिकाचा पातळ थर बसतो. ज्योत तिला वेढून जळत असते, पण तिला ती कळत नाही. कारागीर सळई काढतो, बारीक स्टील वूलने घासतो, परत बसवतो आणि घर उबदार होते. भट्टी वेळेआधी बंद पडण्याची कारणे आणखीही आहेत. फिल्टर धुळीने तुंबला की आतली उष्णता बाहेर जात नाही आणि अतितापाचा स्विच भट्टी बंद करतो. पण तिथे यंत्राने जे ओळखले ते खरेच असते. सळईची गोष्ट वेगळी आहे. ‘मला ज्योत दिसत नाही’ एवढेच म्हणायचा तिला अधिकार होता. यंत्राने त्यावरून ठरवले की ज्योत नाही.

या दोन वाक्यांमधले अंतर केवढे आहे, यावर भारतातल्या मीमांसकांनी, नैयायिकांनी आणि बौद्धांनी शतकानुशतके वाद घातला. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत घर गरम करायची भट्टी कोणाकडे नाही. चंद्रपूरचा मे महिना तर देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत असतो. पण तो वाद या जिल्ह्यांत जितका जिवाशी येतो, तितका क्वचितच कुठे येत असेल.

भारतीय तर्कशास्त्राचा सर्वांत गाजलेला दाखला चुलीचा आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातल्या छोट्या पुस्तकातून संस्कृत पाठशाळांतल्या पिढ्यान् पिढ्या हे अनुमान शिकल्या. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस या दोन मराठी पंडितांनी १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत त्याची जी आवृत्ती काढली, ती पुढे अनेक दशके विद्यापीठांत वापरली गेली. मात्र खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, मग जिथे अग्नी तिथे धूर असेही म्हणता येईल का? नैयायिक सांगतात, नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओले इंधन लागते. ही मधली लपलेली अट, जिला ते उपाधी म्हणतात, नजरेतून निसटली की अनुमान फसते.

ओले इंधन म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या बाईला पोथीतून शिकावे लागत नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा धानाचा आणि पावसाचा मुलूख. श्रावणात मोळी कितीही झाकून ठेवली तरी लाकूड ओलसर राहते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. असे लाकूड चुलीत सारले की आधी त्याच्या मागच्या टोकातून फेस येतो, मग फुसफुस ऐकू येते, आणि चुलीतली सगळी उष्णता ते पाणी उकळवण्यात खर्ची पडते. ज्योत लाकडाची स्वतःची नसते. तापल्यावर त्यातून निघणारे वायू जळतात. त्यांना पेटायला पुरेशी आच मिळाली नाही की तेच वायू न जळता धूर होऊन घरभर पसरतात. ज्योत पडते, भात अर्धाच शिजतो, डोळ्यांतून पाणी वाहते. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत: साचलेली राख ओढून काढायची, दोन लाकडांत बोटभर फट ठेवून वारा खेळू द्यायचा, बारीक वाळक्या काड्यांवर आधी आच धरायची, उद्याचे लाकूड आजच्या चुलीशेजारी वाळत लावायचे. घरात धूर दिसला म्हणून सुनेच्या हाताला नाव ठेवणाऱ्या सासूने उपाधी तपासलेली नसते. दोष हाताचा नाही, ओलाव्याचा आहे.

आणि रात्र झाली की हीच बाई तर्कशास्त्रातला आणखी एक दाखला घडवते. जेवणे आटोपल्यावर ती जाड निखारे एका बाजूला ओढते आणि वरून राख पसरते. पहाटे चुलीकडे पाहिले तर करडी राख, ना ज्योत ना धूर. नुसता डोळा म्हणेल, विस्तव गेला. ती डोळ्याला विचारतच नाही. तळहात उलटा करून राखेपासून वीतभर वर धरते. ऊब लागली की दोन बोटांनी राख बाजूला सारते, लालसर ठिपका दिसताच वर वाळका पाला ठेवते आणि फुंकणी ओठाला लावते. डोळा ज्या कामाला योग्य नव्हता, ते काम तिने त्वचेला दिले.

योग्य हा शब्द इथे हौसेने आलेला नाही. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणाले की ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान आपल्याला डोळ्याने मिळत नाही. डोळ्याला दिसते ती फक्त जमीन. घड्याचे नसणे कळते ते घडा न आढळण्यातून. या न आढळण्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटले आणि ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. नैयायिकांना ते मान्य नव्हते; अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असे त्यांचे म्हणणे. भांडण लांबले. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळा शाबूत हवा, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असे कोणालाच म्हणता येत नाही. कुमारिलांच्याच शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती आणखी काटेकोर आहेत. जी वस्तू दिसण्याजोगी आहे ती दिसली नाही तर ती नाही, असे ठामपणे म्हणावे. पण जी स्थळाने दूर आहे, काळाने दूर आहे किंवा स्वभावानेच दिसण्याजोगी नाही, ती दिसली नाही तर हाती उरतो फक्त संशय. आहे म्हणण्याचाही अधिकार नाही आणि नाही म्हणण्याचाही नाही.

मळलेली सळई हा या विचाराचा फार चोख नमुना आहे. ती ज्योत पाहायला अयोग्य झाली होती, म्हणून तिच्या ‘नाही’ला किंमत नव्हती.

मग यंत्र बनवणाऱ्यांना हे कळले नव्हते का? कळले होते. भट्टीत गॅस सुटतो आहे आणि ज्योत मात्र नाही, अशी वेळ खरोखर आली तर काही क्षणांत घर उडू शकते. तेव्हा चुकून ‘नाही’ म्हटले तर एक रात्र गारठ्यात जाते आणि चुकून ‘आहे’ म्हटले तर माणसे जातात. यंत्राचे ‘नाही’ ज्ञानातून आलेले नाही, खबरदारीतून आलेले आहे. चुकीची किंमत कोणत्या बाजूला जास्त आहे ते पाहून त्याचे माप आधीच ठरवलेले असते.

चंद्रपूरच्या वेशीवर हेच माप प्रचंड आकारात पाहायला मिळते. इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. अशा केंद्राच्या बॉयलरमध्ये दळलेला कोळसा हवेबरोबर फवारला जातो आणि इमारतीएवढ्या उंच भट्टीत तो जळतो. भिंतीत बसवलेले स्कॅनर त्या ज्वाळेवर सतत नजर ठेवतात. पावसाळ्यात कोळसा ओला येतो, चिकटतो, दळला जात नाही, ज्वाळा डगमगू लागते. मग तेलाची फवारणी करून तिला आधार द्यावा लागतो. झाडीपट्टीतली चूल आणि केंद्रातली भट्टी यांचे दुखणे एकच, ओले इंधन. पण इथे एका डोळ्यावर भरवसा ठेवत नाहीत. स्कॅनरच्या काचेवर काजळी बसू शकते, हे गृहीत धरलेले असते. म्हणून पुष्कळ स्कॅनर लावतात आणि त्यांतल्या ठरावीक जणांनी ज्वाळा नाही म्हटले तरच इंधन तोडले जाते. एकदा तोडले की आत साठलेले वायू बाहेर काढण्यासाठी काही मिनिटे नुसती हवा फुंकल्याशिवाय पुन्हा पेटवता येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव याच्याही पुढे गेले आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. आधी अभ्यासगटात विषय चघळला जातो, जाणकारांना बोलावले जाते, मग ग्रामसभा बसते. एकाला अडचण दिसली आणि बाकी साऱ्यांना दिसली नाही, तर बाकीचे त्याला मतांनी दाबत नाहीत, निर्णय थांबतो. कारण सगळ्यांना न दिसलेली गोष्ट त्या एकाला दिसण्याजोग्या जागी तो उभा असू शकतो. बाहेरच्या अनेकांना ही पद्धत संथ वाटते. ज्ञानाच्या दृष्टीने ती फार पक्की आहे.

आता चुलीमागच्या जंगलात जावे लागेल, कारण सरपण तिथून येते.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि या दोन्ही जिल्ह्यांत हजारो घरांत शेगडी आली. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना सवलतीत गॅस देण्याची राज्याची योजनाही आहे. हे काम मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण मार्च २०२३ मध्ये घरगुती सिलिंडर १,१०० रुपयांच्या वर गेला होता, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात रिकामा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहणे नवे नाही. चहा गॅसवर, भात आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी गावोगाव दिसते. कागदावर कनेक्शन आहे, म्हणून घरात धूर नाही आणि बाई जंगलात जात नाही, हे अनुमान नैयायिकाने पहिल्या पायरीवरच परत पाठवले असते.

ती जाते तेव्हा काय होते? राज्यात सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. शेजारच्या गडचिरोलीत अनेक वर्षे वाघाचा वावर नगण्य समजला जाई. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत तेरा माणसांचा जीव घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला, तेव्हा त्या समजुतीची किंमत मोजून झालेली होती. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पाने तोडताना, मोह वेचताना, काटक्या गोळा करताना माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो. नजर जमिनीवर, चहूबाजूंनी झुडपांचा आडोसा, आणि ज्याला शोधायचे तो प्राणी लपण्यासाठीच घडलेला. वाघ असता तर दिसला असता, ही अट इथे कधीच पुरी होत नाही. ‘काही दिसत नाही, चला’ हे वाक्य त्या जागी ज्ञान नसते. वन्यजीव शास्त्रज्ञांनी हे गणितात बसवले आहे. कॅमेऱ्यात वाघ आला नाही याचा अर्थ ते वाघ नाही असा घेत नाहीत. असलेला वाघ टिपला जाण्याची शक्यता किती, हे आधी काढतात आणि मगच आकडा सांगतात.

फर्नेसचे माप इथे उलटे बसवावे लागते. तिथे दिसत नसेल तर ‘नाही’ धरणे सुरक्षित होते. जंगलात दिसत नसला तरी ‘आहे’ धरणे सुरक्षित. अभावाबद्दल बोलणाऱ्याने डोळा तपासावा, हे कुमारिलांनी सांगितले. आपल्या चुकीची भरपाई कोण करणार आहे, हेही त्याने तपासले पाहिजे, असे या जंगलाकडे पाहून म्हणावे लागते. त्यासाठी गावाने एकट्या बाईला जंगलात न जाऊ देणे, जोडीने जाणे, आवाज करत राहणे ही खबरदारी आहेच. पण सिलिंडर भरण्याइतकी मजुरी तिच्या हातात असणे ही त्याहून मोठी खबरदारी आहे, आणि ती पुरवणे तिच्या एकटीच्या हातात नाही.

देवाचा प्रश्न याच वळणावर येतो आणि त्याला बगल देता येत नाही. देव दिसत नाही, म्हणून नाही, हे चार्वाकाचे म्हणणे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला दिलेले उत्तर आजही वाचताना माणूस थबकतो. जे दिसत नाही ते नाही, असे मानणारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुले दिसेनाशी होतात. मग त्याने छाती पिटत रडावे आणि घरी परत येऊच नये! देव इंद्रियांना दिसण्याजोगी वस्तूच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. गोंडांचा देव पेर्सापेन ऐनाच्या झाडाशी जोडलेला आहे. झाड दिसते, पेन दिसत नाही, आणि पूजा करणाऱ्याला त्यात कसली अडचण वाटत नाही. उदयनाचार्य त्याच्याही बाजूने उभे राहतील.

पण हा युक्तिवाद किती दूर जातो हे नीट पाहिले पाहिजे. तो नास्तिकाचे तोंड बंद करतो, आस्तिकाच्या हातात पुरावा देत नाही. उदयनाचार्यांनाही हे ठाऊक होते, म्हणून ईश्वराच्या बाजूची प्रमाणे त्यांनी वेगळी मांडली. धर्मकीर्तींचे ‘हाती उरतो फक्त संशय’ हे मत इथे जास्त प्रामाणिक वाटते. आणि ते या जिल्ह्यांत जास्त गरजेचे आहे, कारण न दिसणाऱ्या गोष्टींत देव एकटाच नसतो. करणी, भानामती, मूठ या गोष्टीही दिसत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारहाण झाली. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू होता, तरीही.

अदृश्य वस्तूचा दाखला म्हणून बौद्ध तर्कग्रंथांत पिशाचाचेच नाव येते, हा योगायोग नाही. पिशाच दिसले नाही, म्हणून ते नाही असे सिद्ध होत नाही, इथवर भगत आणि आचार्य बरोबर चालतात. पुढे वाटा फुटतात. आचार्य म्हणतो, म्हणून त्याविषयी ‘आहे’ धरून कोणताही व्यवहार करता येणार नाही. भगत म्हणतो, म्हणून त्या म्हातारीला बांधा. घरात मूल तापाने फणफणले आणि आदल्या दिवशी शेजारीण येऊन गेली होती, एवढ्यावर कारण ठरवणारा माणूस ओल्या इंधनासारखी मधली उपाधी विसरतो. राज्यात हिवतापाने सर्वाधिक गांजलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली येतो. तिथे ती उपाधी बहुधा डासाच्या सोंडेत असते आणि रक्ताच्या एका थेंबात सापडते. संशयावर माणसाला बांधणे हे अज्ञान तर आहेच, त्याहून आधी ते पाप आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. जवळच भद्रावतीच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी शतकानुशतके उभी होतीच. ज्या बुद्धाकडे हे लोक वळले, त्याने वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला आगीचाच दाखला दिला होता. मृत्यूनंतर मुक्त पुरुष असतो की नसतो, असे वच्छगोत्त विचारत राहिला. बुद्धाने उलट विचारले: समोर जळणारी आग विझली, तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच लागू पडत नाही. गवत-काड्यांवर ती जळत होती, त्या संपल्या, नव्या मिळाल्या नाहीत, म्हणून विझली. काही ठिकाणी ‘आहे की नाही’ हे विचारणेच चुकते. कशावर जळत होती, हे विचारावे लागते. विझलेल्या चुलीपुढे बसलेली बाईही तेच विचारते.

या सगळ्या चर्चेची सर्वांत कठोर परीक्षा मात्र गडचिरोलीत ज्या ठिकाणी झाली, तिथे ना देव होता ना वाघ.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ग्रामीण स्त्रियांचा आरोग्याचा प्रश्न म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे तेव्हा सर्वत्र धरले जाई. स्त्रीरोग नोंदवहीत दिसत नव्हते, म्हणून ते नव्हते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या आरोग्य धोरणांना त्यांची दखल घ्यावी लागली. रोग आदल्या वर्षीही होता, त्याच्या आदल्या दशकातही होता. बायका लाजेने बोलत नव्हत्या, त्यांना विचारायला कोणी जात नव्हते, आणि ज्यांनी विचारायचे ते बहुतेक पुरुष होते. सळईवरचा थर तो हाच. आणि इथे ‘नाही’ म्हणणाऱ्या यंत्रणेला गारठ्यात रात्र काढावी लागली नाही. चुकीची सारी किंमत त्या बायकांनी अंगावर काढली. फर्नेसच्या चुकीत आणि या चुकीत फरक आहे तो हा, आणि तो नैतिक आहे.

बालमृत्यूंचेही तेच. महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगाव घरे मोजून त्यांनी दाखवले की सरकारी नोंदीत येतात त्याहून कितीतरी जास्त मुले प्रत्यक्षात दगावत आहेत. जन्मून काही तासांत गेलेले बाळ नोंदीत यायला आधी ते जन्मल्याची नोंद व्हावी लागते. ज्याचा जन्मच लिहिला नाही, त्याचा मृत्यू कागदाला कसा दिसणार?

बंग दांपत्याने नुसता दोष दाखवला नाही, पाहणारा बदलला. न्यूमोनिया हा इथल्या तान्ह्या मुलांचा मोठा शत्रू, आणि चुलीचा धूर त्याला हातभार लावतो. पोट उडते, धाप लागते. गाव त्याला ‘डब्बा’ म्हणते. निदान व्हायचे तर मिनिटाला श्वास मोजायला हवेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, त्यापुढच्या वर्षभराच्या आतल्या मुलाचे पन्नास किंवा अधिक भरले तर धोका. पण गावातल्या सुईणीला तेवढे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधे उपकरण तयार झाले. लाकडी चौकटीत तारेवर मणी आणि शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या पोटावर नजर ठेवायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याचा मणी आला की न्यूमोनिया. अक्षर न वाचू शकणारी बाई त्या चौकटीने रोग पाहायला योग्य झाली. पुढे आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावातल्याच स्त्रियांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला सुरुवात केली. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

२०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात आली आहे. बाळ दवाखान्यात जन्मले असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जाते. घरी जन्मले असेल तर या सहा भेटींच्या आधी, पहिल्याच दिवशी, आणखी एक भेट असते.